दोनदा वीस मिनिटं

चि. भाचीबाईस,


मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी व्यायामाचं पत्रक लिहायचं काम तुझ्याकडे आलंय, हे ताईकडून कळलं. जुन्या पत्रकातलं ‘नियमित व्यायाम करावा’ हे वाक्य आधी खोड. झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला माणूस त्या वाक्याचं काय करणार? किती वेळ, किती दिवस, किती दम लागेपर्यंत, हे त्याला कळायला हवं.

त्याचे आकडे आहेत. कॅनडात २०११ साली कॅथलीन मार्टिन गिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्गदर्शिका तयार केली. ती ठरवताना संशोधक आणि डॉक्टरांबरोबर स्वतः इजा झालेली माणसंही होती. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही तंदुरुस्तीसाठी एवढंच सांगितलं. हृदय आणि चयापचयाच्या आरोग्यासाठी मात्र तीनदा तीस मिनिटं. सर्वसाधारण प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगतात. नुकतंच खुर्चीत तोल सावरायला शिकलेल्याला तो आकडा डोंगराएवढा वाटतो. दोनदा वीस मिनिटं ऐकली की तो निदान ‘कधीपासून?’ असं विचारेल.

दम किती, हे नाडी मोजून सांगू नकोस. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर हृदयाचे ठोके पुरेसे चढतच नाहीत. ‘जरा कस लागतोय, पण अजून बराच वेळ जमेल’ असं लिही. ते कोणालाही कळेल.

खेळही व्यायामच, हेही पत्रकात येऊ दे. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा असे रुग्ण फार जगायचे नाहीत अशीच समजूत होती. गुटमन यांनी खेळ उपचारातच आणला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथे सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. खांदे, दंड, तोल, सगळ्याचा व्यायाम त्यात आला.

आपल्याकडचे मुरलीकांत पेटकर तर तुला ठाऊकच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात अडकली. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक आणलं. पण पत्रकावर त्यांचा फोटो एकटा नको. पदक पाहून काही जण उभारी धरतील, काही आणखी खचतील. शेजारी घरच्या पलंगाला रबरी पट्टा बांधून दंड कमावणाऱ्या बाईचंही चित्र असू दे.

धोक्याच्या खुणा ठळक अक्षरांत हव्यात. इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. व्यायाम थांबवून ताठ बसायचं, अंगावरचं घट्ट काही सैल करायचं, लघवीची नळी पिळली आहे का ते पाहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. इजेच्या खाली घामही नीट येत नाही. तुमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात ही ओळ सगळ्यात वर घे. खांदा दुखत असताना रेटू नये, हेही लिही. त्याच खांद्यांवर त्यांचं पलंगावरून खुर्चीत जाणं अवलंबून असतं.

आणि हे समजावून सांगायला तुझ्याबरोबर एखादी जुनी रुग्णही बसव. कॅथेटर लावून व्यायाम कसा करायचा, हा प्रश्न नवी मुलगी तुला विचारायला लाजेल, तिला विचारेल.

मसुदा झाला की आधी व्हीलचेअरवरच्या दोघातिघांकडून वाचून घे, मग मला पाठव. अक्षर मोठं ठेव.

तुझा,
मामा