चिखल्या आणि पेशी

जासईचं नाव काढलं की जुन्या माणसांना शेतकरी नेते दि. बा. पाटील आठवतात, कारण हे त्यांचं जन्मगाव. आणि आठवतो जानेवारी १९८४ चा गोळीबार, ज्यात जमिनीसाठी लढताना पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. नव्या लोकांना ठाऊक आहेत कंटेनरच्या रांगा आणि २०२४ पासून जवळच उतरणारा अटल सेतू. मला मात्र या पट्ट्यातलं पावसाळी पाणी अस्वस्थ करतं. खाडीलगतची उरलीसुरली भातशेती, तिच्या कडेनं चढत गेलेले भराव आणि त्यांना अडून शेतात, गल्लीत साचणारं पाणी. आषाढात त्यातच उभं राहून लावणी होते. दिवसभर भिजून पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, लेप्टो, तिथूनच शिरतो.

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हा पीळदार जीवाणू मुक्कामाला असतो आणि लघवीवाटे पाण्यात उतरतो. त्या जनावराला सहसा काही होत नाही. माणसाला होतं. कडक ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्यांना हात लावू देत नाही. बिघडलं तर कावीळ होते, मूत्रपिंडं थकतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

अशा जंतूंना ओळखायला आपल्या जंतुभक्षक पेशींवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. जीवाणूच्या कवचातले ठरावीक रेणू त्यांना येऊन भिडले की पेशी खवळते. टीएलआर-४ हा त्यांतला फार तिखट. ई. कोलाय किंवा टायफॉइडच्या जंतूच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड तो अगदी अल्प मात्रेतही ओळखतो. लेप्टोच्या कवचातही हे द्रव्य आहे, पण त्याची घडण निराळी, आणि माणसाचा टीएलआर-४ त्याला दाद देत नाही. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराचा देतो. टीएलआर-५ जीवाणूच्या शेपटीतलं प्रथिन ओळखतो, तर लेप्टोनं आपल्या शेपट्या आवरणाच्या आत दडवलेल्या. माणसाची भिस्त राहते ती बरीचशी टीएलआर-२ वर. हे वाचल्यावर मला लावणीतल्या बायकांचे पाय दिसू लागले. इतक्या उघड्या पायांना इतका लपलेला वैरी मिळावा, हे मला अजूनही सहन होत नाही.

टीएलआर-४ चं काम १९९८ मध्ये उलगडलं, ते ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेत, उंदरांच्या एका विचित्र वाणामुळे. इतर उंदरांचा जीव घेणारी लिपोपॉलिसॅकराइडची मात्रा हे उंदीर सहज पचवत. पण साल्मोनेलाचे थोडेसे जिवंत जंतू टोचले की तेच पटकन मरत. त्यांच्या टीएलआर-४ च्या जनुकातच बिघाड होता. ब्यूटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. मला त्या उंदरांची कीव येते. विष बाधत नव्हतं म्हणून ते भाग्यवान दिसत होते, आणि नेमकं तेच त्यांचं मरण होतं.

मग हा रिसेप्टर सदैव जागा असावा का? तसंही नाही. पेशी एकदा खवळली की काही टीएलआर-४ पृष्ठभागावरून आत ओढून घेते, संदेश रोखणारी आयरॅक-एमसारखी प्रथिनं तयार करते, आणि तेच द्रव्य पुन्हा आलं तर पूर्वीइतकी पेटत नाही. टायफॉइडची लस वारंवार टोचली की सशांचा ताप उतरत्या क्रमानं येतो, हे पॉल बीसन यांनी १९४० च्या दशकातच दाखवलं होतं. २००७ मध्ये रोगप्रतिकारशास्त्रज्ञ मेझितोव यांच्या गटानं त्यातली खरी खुबी दाखवली. अशा पेशीत दाह पेटवणारी जनुकं गप्प होतात, पण जंतूला थेट मारणाऱ्या प्रथिनांची जनुकं जागीच राहतात. महामार्गालगतच्या घरात रात्रभर ट्रेलर धडधडत असतात, त्यानं आई उठत नाही; लेकरू खोकलं की उठते. तशातलंच हे. मात्र ही शांतता लांबली तर घात होतो. सेप्सिसमधून सावरू पाहणाऱ्या कित्येक रुग्णांच्या पेशी अशाच सुस्तावलेल्या असतात आणि मग रुग्णालयातलाच दुसरा एखादा जंतू त्यांना गाठतो.

लेप्टोत आणखी एक पेच. पेनिसिलिन दिल्यावर कधी कधी काही तासांतच ताप उसळतो, थंडी वाजते, घरचे घाबरतात. औषधानं जीवाणू फुटतात, त्यांचे तुकडे एकदम रक्तात उतरतात आणि पेशींना अचानक पुष्कळ काही दिसू लागतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवायला हवं, असं मला फार वाटतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देणं शहराच्या अंगवळणी पडलं. जासईकडे शेतकऱ्याला ताप आला तर डॉक्टर निदान चिखलाचं विचारतात. जमीन गेलेल्या घरातला मुलगा आता कंटेनर यार्डात कामाला जातो, आणि वाटेत तेच भरावाला अडलेलं पाणी स्लिपर घालून तुडवतो. केसपेपरवर त्याचा धंदा 'ड्रायव्हर' नाहीतर 'लोडिंग' असा लिहिला जातो, आणि पाण्यात गेला होतास का, हा प्रश्न त्याला विचारायचा राहून जातो.