अण्णांची वही

मी कर्नेलचे काम करतो असे कळल्यापासून आमच्या शेजारचे आजोबा मला लष्करातला समजतात. माझा कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. स्मृतीची ४०९६ बाइटांची एकेक पाने करून तो ती प्रोग्रॅमांना वाटतो. कुणाला सलग मोठी जागा हवी झाली की इकडची पाने तिकडे हलवायची. तीही मालकाचे लिहिणे चालू असताना, त्याला पत्ता लागू न देता! लिनक्समध्ये पाने अशी हलवण्याची सोय २००६ साली आली.

गोम अशी, की नक्कल चालू असताना कुणी जुन्या पानावर आकडा लिहिला, तर तो तिथेच राहतो. म्हणून आधी पानाला कुलूप. मग तक्त्यातला पत्ता काढून तिथे ‘हलवाहलव चालू’ अशी खूण. येईल त्याने तिथे थांबावे. प्रोसेसरांनी आपापल्यापाशी टिपलेला जुना पत्ताही पुसायला लावायचा. इतके करूनही पान कुणी धरून बसलेला दिसला, तर सारे पूर्ववत करून पुन्हा प्रयत्न करायचा.

हे मला तोंडपाठ. पण गेल्या वर्षी अण्णांची औषधांची वही फाटली, तेव्हा काही आठवले नाही. पहिले पान नव्या वहीत उतरवून मी चहाला उठलो. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला: रक्तदाबाची गोळी एकाऐवजी अर्धी. अण्णांनी सवयीने जुनी वही ओढून दुरुस्ती केली. मी येऊन दुसऱ्या पानापासून पुढे लिहू लागलो. संध्याकाळी जुनी वही रद्दीत गेली.

गोळ्या काढून देते आमची ही, वही बघून. पाचव्या दिवशी अण्णांना घेरी आली, ते मोरीत पडले. कपाळाला तीन टाके.

“अर्धी लिहिली होती रे मी,” ते म्हणत राहिले. मी नवी वही पुढे धरली. “अण्णा, तुम्हाला आठवत नसेल.” ते गप्प झाले. त्या गप्प होण्याचीच मला अजून लाज वाटते.

रद्दीवाला यायचा होता म्हणून जुनी वही सापडली. पहिल्याच पानावर, निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात: अर्धी.

हल्ली मी वही घेऊन बसलो की अण्णा पेन खिशात ठेवतात आणि विचारतात, “झालं का रे तुझं?”