दवंडीपासून

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोतवाल दवंडी द्यायचा. आधी डफडं वाजे, बायामाणसं हातचं काम टाकून दारात येत, मग तो ओरडे : ‘ऐका हो ऐका! उद्या सकायी चावडीपुढं ढोरायले लस टोचनार हायेत. आपआपले ढोरं घेऊन या हो!’ पुन्हा डफडं, पुढची गल्ली. दुसऱ्या दिवशी चावडीपुढे ही गर्दी.

शिकायला गाव सोडलं तेव्हा वडिलांची पोस्टकार्डं येत. खुशाली, पाऊसपाणी, तुरीचा भाव आणि ‘पोळ्याला ये’. तार मात्र घरात धडकीच भरवायची. 2013च्या जुलैत तारसेवा बंद झाली. तारेतली काटकसर शब्दागणिक पडणाऱ्या पैशांची होती. दवंडीला कोण पैसे मोजत होतं? तरी कोतवाल मोजकंच बोले, कारण ऐकणाऱ्याला ते लक्षात ठेवून कामाला लागायचं असे. म्हणून मी दवंडीला तारेपेक्षा वरचं मानतो.

पुढे वाचनात वाशीमचा ताम्रपट आला. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या या दानपत्रात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण दानाचा प्रत्यक्ष तपशील प्राकृतात. मिरवायचं ते संस्कृतात, पाळायचं ते लोकांच्या बोलीजवळ, असं मला तरी त्यात दिसतं. वाचून ऊर भरून आला होता.

आता मृग जवळ आला की मोबाइलवर सल्ले येतात. ‘सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की’ इथून सुरुवात आणि कामाचं पार तळाशी : 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. घाईत तळापर्यंत कोण जातो? आणि दुबार पेरणीची वेळ आली की घर कर्जात जातं. म्हणून गावच्या ग्रुपवर मी असे सल्ले नव्यानं लिहितो : ‘घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आधी उगवण पाहा. 100 दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळा. पोतं रोज ओलं ठेवा. आठवड्यानं मोजा. 70 उगवले तर पेरा.’ पावसाचा निरोप वेगळा पाठवतो. दोन गोष्टी एकत्र पाठवल्या की एक हमखास निसटते. मिलिमीटर ठेवतो, पण खाली लिहितो : ‘रान उकरून बघा. खाली कोरडं लागलं तर थांबा.’

परवा शेजारच्या काकूंचा फोन आला.

‘भाऊ, चौऱ्याहत्तर उगवले. पेरू का?’

‘बियाणं चांगलं हाय काकू. रान उकरून पायलं का?’

‘आत्ता जातो,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.