सर, रात्रीची लाईट होती

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजात सबब सांगणाऱ्याची पहिली अडचण अशी, की समोरचे सरही बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच घरातले असतात. साडेसातच्या तासाला पोरगा आठ वाजता दारात उभा राहतो. "सर, रात्रीची लाईट होती. दारं धरली, पहाटे पडलो जरा." लाईट होती तर झोपायला कोणी अडवलं होतं, असा प्रश्न मुंबईच्या प्राध्यापकाला पडेल. इथे तो पडत नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसाच्या सऱ्यांत पाणी वळवायला, म्हणजेच दारं धरायला, घरातल्या तरण्या पोरालाच जावं लागतं. सर वर बघत नाहीत, खाली बघतात. पॅन्ट धुतलेली असते, पण नखांच्या कडेला काळी माती अडकलेली असते. ती दिसली की विषय संपला. नाही दिसली तर सर हजेरीचा कॅटलॉग मिटत एवढंच म्हणतात, "तुमच्या फीडरला या आठवड्यात दिवसाची पाळी आहे ना रे?"

इथल्या मास्तरांचं खरं हत्यार हेच. रागावण्यापेक्षा तपशील विचारायचा.

तासगाव-मिरजेकडची पोरं द्राक्षबागेचं कारण देतात. ते भारदस्त वाटतं आणि बहुधा खरंही असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने घर बागेतच असतं. घड विरळ करायचं थिनिंग, घड औषधात बुडवायचं डिपिंग, वर आभाळ भरून आलं की फवारणीची धावपळ. एका रात्रीच्या अवकाळी पावसाने वर्षाचा पैसा जातो, तेव्हा अकाउंटन्सीचा एक तास गेल्याचं दुःख कोण करणार? पण हेच कारण जुलैत पुढे केलं की फजिती होते. जुलैत वेलीवर घडच नसतो, मग डिपिंग कशाचं? असं विचारणारे सर स्वतः शनिवार-रविवारी एकरभर बाग बघत असतात.

उसाचंही तसंच. "तोड आली होती सर," म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठल्या कारखान्याची?" गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागेतो आटोपतो. त्याच्या बाहेरची तोड सरांना पटत नाही.

एसटीची गोष्ट वेगळी. पाटण, जावळी, जत या भागांतल्या कित्येक गावांना सकाळची एकच गाडी सोयीची असते आणि ती हुकली की दिवस हुकला. त्यामुळे "गाडी आली नाही" ही सबब जुनी, मळलेली आणि निम्म्या वेळा खरी. २०२१ मध्ये मात्र तिचं नशीब उघडलं. कोरोनानंतर २० ऑक्टोबरला कॉलेजं उघडली आणि ऑक्टोबर संपायच्या आत एसटीचा संप सुरू झाला. तो पार एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. दीड वर्ष "सर, रेंज नाही" म्हणणारी पोरं आता "सर, गाडी नाही" म्हणू लागली आणि दोन्ही वेळा पुष्कळजण खरं बोलत होते. त्या हिवाळ्यात खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. कुणी दुधाच्या गाडीतून आलं, कुणी तिघं एका मोटरसायकलवर. जी आली नाहीत, त्यांतली काही पुढे कधीच आली नाहीत. मुलींची संख्या अशा वेळी आधी घटते.

सांगलीत पावसाळ्यातली सबब फुटात मोजतात. "आयर्विनला किती फूट?" हा प्रश्न ऑगस्टमध्ये पानपट्टीपासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे चालतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पाणी वाढू लागलं की आधी सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता हा भाग चिंतेत पडतो. म्हणून विश्रामबागेत उंचावर राहणाऱ्या पोराने पंचवीस फुटाला "घरात पाणी" म्हटलं, तर वर्गच हसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कोणी हसलं नाही. जर्नलं, मार्कशीटं, पुस्तकं, सगळं चिखलात गेलं. त्यानंतर बराच काळ "जर्नल पुरात गेलं" या वाक्यावर उलटतपासणी झाली नाही. दोन-चार जणांची कधीच न लिहिलेली जर्नलंही त्या पुरात वाहून गेली असणार. जाऊ देत.

आजी वारल्याची सबब जागतिक आहे. अमेरिकेतल्या ईस्टर्न कनेक्टिकट स्टेट युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या माइक अॅडम्स यांनी १९९० साली त्यावर थट्टेखातर चक्क शोधनिबंध लिहिला. सहामाही परीक्षेआधी आजी दगावण्याची शक्यता १० पट आणि अंतिम परीक्षेआधी १९ पट वाढते, असा त्यांचा गंभीर चेहऱ्याने काढलेला निष्कर्ष. साताऱ्यात हे जमणं अवघड. इथे माणूस गेलं की सकाळच्या पेपरात निधनवार्ता येते, तिच्यात रक्षाविसर्जनाची वेळ असते आणि चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सविना गेलेल्या आजीवर स्टाफरूमचा विश्वास बसत नाही.

सप्टेंबरातल्या तापाची साथही अशीच उघडी पडते. कासच्या पठारावर फुलं आली की साताऱ्यातल्या वर्गांना ताप येतो आणि संध्याकाळी त्याच तापकऱ्यांच्या स्टेटसवर जांभळा गालिचा झळकतो. सरांचा नंबर सेव्ह आहे, हे विसरायला होतं.

कामाचं कारण सगळ्यांत मुळापासून ओळखलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं. गरिबाचं पोर कामामुळे शाळेत येत नाही, तर कामच शाळेत आणावं, हा तो हिशेब. कमवा आणि शिका योजनेतल्या पोरांचे श्रमाचे तास वेळापत्रकातच बसवलेले. "शेतात काम होतं" हे तिथे गैरहजेरीचं कारण राहिलंच नाही, ती हजेरी झाली. आजच्या ७५ टक्के हजेरीच्या नियमाला एवढी समज नाही. महिनाअखेर डिफॉल्टरांची यादी बोर्डावर लागते आणि तिच्यात रात्रभर दारं धरणारा व दिवसभर कट्ट्यावर बसणारा शेजारी-शेजारी येतात. मग पालकांना आणणं, हमीपत्र, एखाद-दुसरी असाइनमेंट आणि सुटका. एकाच दवाखान्याच्या शिक्क्याचे सहा दाखले क्लार्क निमूटपणे फायलीला लावतो.

पोरींची खोटी कारणं मात्र उलट्या जातीची. पोरं साध्या गोष्टीला मोठं कारण देतात. पोरी मोठी गोष्ट लहान कारणाखाली लपवतात. "मॅडम, डोकं दुखत होतं," असं सांगणारीच्या हाताला मेंदी दिसते, किंवा एरवी न येणारी बहीण सोबत असते. काल बघायला पाहुणे आले होते, हे बाईंना कळतं. जाणत्या बाई वर्गात काही विचारत नाहीत. मधल्या सुट्टीत बोलावून घेतात, घरचा नंबर मागतात, कधी स्वतःच्या गाडीवर गावापर्यंत जाऊन लग्नाला निदान पदवीपर्यंत थांबा म्हणून आईबापांना विनवतात. ते कधी ऐकतात, कधी चहा पाजून परत पाठवतात. सबबीला दिलेलं यापेक्षा चांगलं उत्तर शोधून सापडणार नाही, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कुठल्याही रकान्यात ते बसत नाही.

सरांनाही कारणं असतात. तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक सकाळी कराडला, दुपारी ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर) शिकवतात, आणि गाडी त्यांचीही चुकते. तास बुडाला तर त्यांचं मानधन बुडतं. कायम नोकरीवाल्यांना किरकोळ रजा आहे. ती टाकली की बोर्डावर तास होणार नाही एवढं लिहून भागतं.

स्टाफरूममधला एक किस्सा प्रत्येक कॉलेज आपलाच म्हणून सांगतं. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथोत्सवात, नोटांच्या माळांनी मढलेल्या रथाजवळच्या गर्दीत सर आणि विद्यार्थी समोरासमोर आले.

"काय रे, आज तास बुडवलास?"

"सर, तुम्हीपण हितंच की."

"मी रजा टाकलीय. तू कारण सांग."

पोराने शेजारच्या नऊवारीतल्या म्हातारीकडे हात केला. "आजीला दर्शनाला आणलंय."

सर म्हातारीच्या पाया पडले आणि म्हणाले, "आजी, ऑक्टोबरात तुमच्या रक्षाविसर्जनाला यायचं राहून गेलं बघा."