रुई आणि सरकी

कॉस्ट अकाउंटन्सीच्या परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. मुधोळच्या शेतकरी घरात जून म्हणजे मिरगाची पेरणी आणि डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. घराला माणूस हवा असतो, नेमका तेव्हाच पेपर. तरी या जोडणीवर माझा जीव जडला. रात्री पुस्तकात वाचलेलं दिवसा शिवारात समोर उभं असायचं.

क्लास लावायचा तर हैदराबाद किंवा नांदेड गाठायला हवं, आणि ते परवडणारं नव्हतं. या परीक्षा घेणाऱ्या, 1959 च्या कायद्याने उभ्या असलेल्या संस्थेत तोंडी वर्गांसोबत पोस्टाने शिकण्याचीही सोय आहे, अभ्यासाची पुस्तकं तर संकेतस्थळावर फुकट. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, पुस्तक इंग्रजी. अशा वेळी आजोबा धावून आले. भैंसाच्या आडतीत त्यांनी दिवाणजी म्हणून आयुष्य काढलेलं. रोजमेळ, खतावणी, जमा, नावे, तेरीज हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले.

एकट्याने शिकता येतील असे विषय थोडे. हिशेब त्यातला एक. तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की कुठेतरी चुकलंय हे मध्यरात्रीही कळतं, कुणाला उठवावं लागत नाही. पण जुळलेली तेरीजही फसवते. यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खर्चात टाकली, तरी दोन्ही बाजू निमूट जुळतात आणि नफा मात्र खोटा निघतो. एकट्याच्या अभ्यासात खरं भय आहे ते एवढंच. त्यावर उपाय म्हणजे संस्थेने छापलेली मागच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं. ती झाकून ठेवायची, गणित शेवटपर्यंत सोडवायचं, मग ओळीला ओळ लावून पाहायची. पास व्हायला प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपात सरासरी 50 टक्के लागतात. पेपरला जायला बासरहून सिकंदराबादची गाडी. स्टेशनावर ज्ञानसरस्वतीकडे लेकरांना अक्षराभ्यासाला आणलेल्या कुटुंबांची गर्दी, आणि त्यात मी वही उघडून बसलेली.

प्रोसेस कॉस्टिंग मात्र मला जिनिंगने शिकवलं. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी, आणि थोडी घट. ही घट नॉर्मल. ती चांगल्या मालाच्या खर्चातच सामावते. त्याहून जास्त गेलं तर थेट नफा-तोट्याच्या खात्यावर. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात, पुढे माल परत. अंगणात कापूस वाळवणारी कुठलीही बाई हे पुस्तक न उघडता जाणते.

मग येतो सगळ्यात सुंदर प्रश्न. रुई आणि सरकी एकाच खर्चातून निघतात. तो खर्च दोघींत वाटायचा कसा? वजनाने वाटला तर दोनतृतीयांश बोजा सरकीच्या माथी, आणि पैसा तर रुईत. बाजारभावाने वाटला तर पारडं फिरतं. पुस्तक दोन्ही रीती शिकवतं. मला बाजारभावाची रीत खरी वाटते, कारण सरकीसाठी कुणी कापूस लावत नाही.

पुढे फायनलही अशीच घरी बसून सुटली. प्रमाणपत्र आलं, तेव्हा पहिलं खर्चपत्रक काढायचं ते आमच्याच शेताचं असं मी ठरवलेलं होतं. बियाणं, खत, फवारणी, मजुरी लिहून झाली आणि घरच्यांच्या कामाचा रकाना आला. हमीभावाची शिफारस करताना कृषी मूल्य आयोग प्रत्यक्ष खर्चात घरचे श्रम मिळवतो; ए2 अधिक एफएल म्हणतात ते हेच. आईला तिचा रोज विचारला, तर म्हणाली, "घरच्या कामाचा कसला गं रोज?" गावात वेचणीला किलोमागे जो दर चालू होता तो मी घेतला, तिने वेचलेल्या कापसाच्या वजनाने गुणला आणि रकाना भरला. एकरी खर्च वाढला, नफा बराच खाली आला. आईने कागद नीट वाचला. मग म्हणाली, "मागल्या सालाचाही काढतीस का?"