परत जाणारें पाणी

पावसाळ्यांत आमच्या गांवीं सकाळीं दोन माणसें भेटलीं कीं पहिला प्रश्न "काल किती झाला?" हाच असतो. पर्जन्यमापकाचा आंकडा वर्तमानपत्रांत येतो, त्यावरून पेरणीचे बेत ठरतात, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने आपण सारेच त्या आंकड्यांचे हिशेबनीस बनतों. परंतु आलेल्या पाण्यापैकीं परत किती गेलें, असें कोणी कोणास विचारल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. जमेची बाजू एवढ्या कौतुकानें मांडावयाची आणि खर्चाची बाजू कोरी ठेवावयाची, असा हा चमत्कारिक जमाखर्च आहे! वस्तुतः पृथ्वीवरील जमिनीवर जो पाऊस पडतो, त्याच्या १०० भागांपैकीं सुमारें ६० भाग नद्यांच्या वांट्याला येतच नाहींत. मातींतून आणि झाडांच्या पानांतून वाफ होऊन ते आकाशांत परत जातात.

सूर्य पाणी घेतो तें सहस्रपटीनें परत देण्याकरितां, अशी कल्पना करून कालिदासानें रघुवंशांत राजाच्या करवसुलीचें समर्थन केलें आहे. कल्पना मोठी रमणीय आहे. परंतु हा कर नक्की किती वसूल होतो, हें मोजून पाहण्याची बुद्धि माणसाला पुष्कळ उशिरां झाली. धूमकेतूमुळें ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे त्या हॅलेनें तापविलेल्या पाण्याचें भांडें तराजूला लावून त्याचें वजन किती घटतें तें पाहिलें, आणि त्यावरून भूमध्यसमुद्रांतून दिवसाकाठीं किती वाफ उठत असेल याचा अंदाज १६८७ सालीं प्रसिद्ध केला. पुढें स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें सूर्यफुलाचें झाड कुंडीसकट रोज तोललें, आणि पानांवाटे जाणाऱ्या पाण्याची मोजदाद आपल्या १७२७ सालच्या ग्रंथांत नमूद केली. दोघांचेंही साधन एकच, साधा तराजू. पण भांडें तोलतां येतें, कुंडी तोलतां येते. शेतच्या शेत कोण तोलणार?

ही अडचण गणितानें दूर केली. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावयास सुमारें ५८५ कॅलरी उष्णता खर्चीं पडते. तेव्हां ऊन किती पडलें, वारा किती वाहिला आणि हवा किती कोरडी होती, हें कळलें तर पाण्याचा खर्च मागील दारानें काढतां येईल, हें इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें काम करणाऱ्या पेनमन यांनीं १९४८ सालीं दाखवून दिलें. १९६५ सालीं माँटीथ यांनीं त्यांत एक मोलाची भर घातली. झाड म्हणजे कांहीं नुसती ओली चिंधी नव्हे. त्याच्या पानांना सूक्ष्म रंध्रें असतात, आणि पाणी कमी पडूं लागलें कीं झाड तीं मिटून घेतें. पानाचा हा विरोध त्यांनीं सूत्रांत आणला. आतां तर शेतांत मनोरा उभारून, हवेच्या प्रत्येक भोवऱ्याबरोबर किती वाफ वर गेली, हें सेकंदाला दहा दहा वेळां मोजणारीं उपकरणें निघालीं आहेत. पण असा मनोरा फार तर आपल्या आसपासच्या रानाची साक्ष देतो. बाकीच्या अफाट जमिनीचा आंकडा आपण मोजीत नाहीं. सूत्रांच्या आधारें ठरवितों.

गेलीं पंचवीस वर्षें मी हीं सूत्रें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकवीत आलों आहें, आणि त्यांच्याविषयीं मला एक प्रकारचा अभिमानही होता. तो एका उन्हाळ्यांत कसा उतरला, तेंच आज सांगावयाचें आहे.

आमचें वडिलोपार्जित शेत जालना जिल्ह्यांत आहे. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, तें पाहतात. तेथें मोसंबीचीं तीनशें झाडें होतीं. २०१२ सालीं पाऊस अगदींच तोकडा झाला, आणि २०१३ च्या एप्रिलांत दादांनीं मला फोनवर विचारलें, "विहीर आणि विकतचा टँकर मिळून रोज दहा हजार लिटरांची सोय होते. एवढ्यांत किती झाडें तगतील, तें हिशेब करून सांग." दादांनीं माझ्या विद्येचा असा उपयोग प्रथमच मागितला होता. मीं ऊन, वारा, उष्णतामान व आर्द्रता यांचे आंकडे मिळवून तो हिशेब एका रात्रींत केला. सूत्राप्रमाणें रोजचा खर्च ७ मिलिमीटर आला. मोसंबीकरितां तो कमी करून आणि झाडाच्या सावलीपुरतीच जमीन धरून दर झाडास सुमारें १०० लिटर पाणी हवें, असें उत्तर निघालें. पुढचा भागाकार तर शाळेंतील पोरानेंही केला असता. मीं कळविलें, "दादा, शंभर झाडें ठेवा आणि बाकीचीं तोडा. नाहीं तर सारींच जातील."

दादांनीं ऐकलें. पहिल्या दोन दिवसांत साठ झाडें तोडलीं. तिसऱ्या दिवशीं त्यांचा फोन आला. "अरे, बहार धरायचा म्हणजे आम्ही दरवर्षीं झाडाला दीड-दोन महिने ताण देतों. पाणी तोडलें म्हणून झाड लगेच मरत नाहीं. तें आवरून घेतें. तुझ्या हिशेबांत ताण कोठें धरला आहेस?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. दादांनीं कुऱ्हाड ठेवून दिली. उरलेल्या दोनशें चाळीस झाडांचीं फळें उतरविलीं, फांद्या छाटल्या, आळ्यांत उसाचें पाचट जाड पसरलें, आणि होतें तेवढें पाणी सर्वांना थोडें थोडें वांटून दिलें. दर झाडाच्या वांट्याला चाळीस लिटरही धड आले नसतील. सुदैवानें त्या वर्षीं पाऊस वेळेवर आला. चाळीस झाडें वाळलीं, दोनशें फुटलीं. माझ्या हिशेबानें त्यांपैकीं निम्मीं झाडें त्यापूर्वींच सरपण होऊन गेलीं असतीं.

सूत्र खोटें होतें काय? मुळींच नाहीं. पाणी भरपूर मिळालेलें, हिरवेंगार गवताचें रान समोर ठेवून तें सूत्र बांधलेलें आहे. अशा रानाजवळून हवा किती पाणी मागते, एवढेंच तें सांगतें. मागणें हवेचें आणि देणें जमिनीचें, हा भेद मीं ध्यानांत घेतला नाहीं. मे महिन्यांत हवेची तहान सर्वांत मोठी असते आणि जमिनीचें देणें सर्वांत थोडें. हें उघड्या डोळ्यांना दिसणारें सत्य मी आंकड्यांच्या नादांत विसरलों. ज्या मार्गदर्शिकेवरून मीं गणित केलें, ती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेली आहे, आणि तींतच पुढें ताणाचाही गुणक दिलेला आहे. पण तो वापरावयाचा तर मुळें किती खोल गेलीं आहेत आणि त्या थरांत ओल किती उरली आहे, हें ठाऊक असावें लागतें. वाऱ्याचा वेग मीं दशांशापर्यंत मिळविला होता. आणि ज्या मातींत मी लहानपणीं खेळलों, तिची ओल मात्र विचारली नव्हती. शिवाय दादांचा प्रश्न झाडें जगण्याचा होता. मीं उत्तर दिलें तें तीं भरल्या पोटीं वाढण्याचें.

दादांनीं या गोष्टीचा उच्चार पुन्हां कधींही केला नाहीं. बोलले असते तर मला बरें वाटलें असतें. बांधावरून जातांना तो साठ झाडांचा मोकळा तुकडा लागतो. दादा तेथें आतां ज्वारी करतात.

२०१८ सालीं पावसानें पुन्हां दगा दिला, आणि दादांचा पुन्हां फोन आला. माझ्यावर त्यांचा विश्वास कसा उरला कोण जाणे. या खेपेस मीं आधीं त्यांनाच विचारलें, "आळ्यांत हातभर खणून पाहा. मातीचा गोळा होतो का?" थोड्या वेळानें त्यांनीं कळविलें, "गोळा होतो, पण दाबला कीं फुटतो." तें वाक्य मीं जसेंच्या तसें वहींत लिहून घेतलें, आणि मग हिशेबाला बसलों.