शरणपूर ते राबाई

मंडळीच्या वतीने परदेशातील शाळेत सेवेला जाणे ही नाशिकपुरती तरी दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्या काळी ब्रिटिश आरमार समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांपैकी काही शरणपूरला येत. तिथे त्यांना लिहायला-वाचायला आणि हातचा एखादा धंदा शिकवला जाई. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचे शव इंग्लंडपर्यंत सोबत करणारा जेकब वेनराइट इथेच शिकला. इथेच शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ मध्ये आजच्या केनियातील मोंबासाजवळच्या राबाई ठाण्यावर रुजू झाले. हे ठाणे सोसायटीचे मिशनरी क्राप्फ यांनी १८४६ मध्ये उभारले होते. १८७५ च्या सुमारास मोंबासालगत फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली, तेव्हा तिथेही शरणपूरची माणसे गेली. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये दीक्षा मिळाली. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्या किनाऱ्यावर गेला. नाशिकच्या मंडळीने ही नावे आवर्जून सांगायला हवीत. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ती माहीत असतील?

आजची सेवा याहून फार लहान मुदतीची असते. प्रस्तुत लेखिका ज्या गटातून गेली, तो राबाईच्या टापूतील चर्चच्या एका प्राथमिक शाळेत उतरला होता. अशा प्रवासाची तयारी काही महिने आधी सुरू होते. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर शाळेत काम करता येत नाही. वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी यजमान चर्चने अर्ज करायचा असतो. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला नसेल, तर केनियाहून भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवले जाते. किनाऱ्यावर हिवताप आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या आणि रात्री मच्छरदाणी.

केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत झाले आणि वर्ग एकाएकी भरून गेले. सरकारी नेमणुकीचे शिक्षक पुरत नाहीत, म्हणून शाळा समित्या पालकांच्या पैशांतून काही शिक्षक ठेवतात. राबाईच्या त्या शाळेत चौथीच्या वर्गात एका बाकावर चार-चार मुले बसलेली होती आणि गणिताचे एक पुस्तक दोन बाकांत फिरत होते. अपूर्णांक शिकवताना वर्गशिक्षिकेने जुन्या वहीचा पाठकोरा कागद घेतला, त्याची घडी घातली, पुन्हा घातली, उलगडून घड्यांच्या रेघा बोटाने दाखवल्या आणि तोच कागद बाकाबाकावरून फिरवला. मुले पेन्सिलीने अगदी बारीक अक्षरात, समास न सोडता लिहीत होती, कारण वही सत्र संपेपर्यंत पुरवायची होती. दुपारी मका आणि राजमा एकत्र शिजवलेली गिथेरी. ताटल्या कमी, त्यामुळे मोठी मुले धाकट्यांचे जेवण होईपर्यंत थांबत.

अशा वर्गात पाहुण्याने खडू हातात घेणे बहुधा चुकीचे ठरते. वर्गशिक्षिकेला मुलांची भाषा, त्यांची घरे, कोण उपाशी आले आहे हे सगळे ठाऊक असते. महिन्याभरासाठी आलेल्या माणसाला त्यातले काही कळत नाही. भिंती रंगवण्याचे काम तर गावातल्या रंगाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेते. स्वयंसेवकाचा खरा उपयोग झाला तो वह्या तपासण्यात, मागे पडलेल्या तिघाचौघांना व्हरांड्यात बसवून वाचून घेण्यात, कपाटात बांधून पडलेल्या पुस्तकांची इयत्तावार नोंद करण्यात आणि शाळा सुटल्यावर शिक्षकांसोबत विज्ञानाचे साधे प्रयोग जुळवण्यात. ही कामे मुख्याध्यापकांनी सांगितलेली होती. मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, हा नियमही त्यांचाच, आणि तो सगळ्याच मंडळ्यांनी लेखी करावा असा आहे.

खर्चाचाही प्रामाणिक हिशेब व्हायला हवा. एका माणसाच्या विमानभाड्यात तिथल्या शाळेची पुष्कळ पुस्तके येतात. ज्याच्याकडे शाळेला हवे असलेले नेमके कौशल्य नाही, त्याने भाड्याची रक्कम पुस्तकांसाठी किंवा समितीने ठेवलेल्या शिक्षकाच्या पगारासाठी पाठवलेली अधिक बरी. तरीही कोणीच जाऊ नये, असे नाही. राबाईच्या शिक्षकांना जोन्सचे नाव माहीत होते, त्याची शाळा नाशिकची हेही माहीत होते, आणि शरणपूर आता कसे दिसते हे त्यांना ऐकायचे होते. ते नाते नुसत्या पैशांच्या पाकिटाने टिकले नसते.

मंडळीने पुढच्या वेळी जाणाऱ्यांची नावे घेण्याआधी शाळेकडून गरजांची यादी मागवावी. गणित, विज्ञान किंवा ग्रंथालयाचे काम जाणणाऱ्या सभासदांनी आपली नावे पाळकांकडे द्यावीत. केनियात शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात मोठी सुट्टी असते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तिथले दुसरे सत्र चालू असते. जायचे तर मे महिन्यातच जावे.